स्पीकरवरचा संसार

बेकरीच्या काउंटरपाशी नीलिमा येऊन उभी राहिली की तिथल्या बाई ओळखीचं हसायच्या. नीलिमाही हसायची, सकाळचं "मॉर्गेन" म्हणायची, आणि पर्समधून फोन काढून काचेवरून पलीकडे धरायची. मग फोनमधून नवऱ्याचा, श्रीनाथचा, खणखणीत आवाज यायचा. दोन ब्रेत्सेल, एक पाव, पाव कापून द्या, बिया नकोत. बाई फोनकडे बघूनच मान डोलवायच्या, पाव नीलिमाच्या हातात द्यायच्या आणि निरोपाचं "चूस" मात्र फोनला म्हणायच्या.

हसू येतं ना? जर्मनीतल्या झिंडेलफिंगेन गावच्या मराठी मंडळातही सगळे हसायचे. "श्रीनाथ, तुझा संसार म्हणजे नुसता स्पीकरवर चाललाय बघ!" असं चंद्रशेखर म्हणायचा, आणि श्रीनाथला त्यात कौतुकच वाटायचं. का वाटू नये? तो मोटारींच्या चाचणी विभागात इंजिनियर. त्याचं जर्मन असं सफाईदार की ऑफिसातले लोक त्याच्याकडून मेल तपासून घेत. आणि बायकोला तो तळहातावरच्या फोडासारखं जपत होता. दवाखाना असो, शाळेतली पालकसभा असो, वॉशिंग मशीन दुरुस्त करायला आलेला माणूस असो, नीलिमानं फक्त फोन लावायचा. बाकी सगळं तो बघायचा. "मी आहे ना!" हे त्याचं ठरलेलं वाक्य.

आता ही नीलिमा कोण, तेही सांगायला हवं. इस्लामपूरला तिच्या वडिलांचं औषधांचं दुकान होतं. बी.फार्म. होऊन ती त्याच दुकानात उभी राहायची. तोंडानं अशी फटकळ आणि मनानं अशी मायाळू की आसपासच्या गावांतल्या बायका डॉक्टरकडून निघाल्या की आधी तिच्याकडे यायच्या. कुठली गोळी जेवणाआधी, कुठली नंतर, सासूला काय सांगायचं आणि नवऱ्याला काय, हे सगळं ती त्यांना समजावून द्यायची. एखादी पोटुशी पोर "पोटात कसंसंच होतंय, उद्या जाईन दवाखान्यात" म्हणाली की नीलिमा काउंटरच्या बाहेर येऊन तिला रिक्षात बसवायची. ही बाई लग्न करून जर्मनीत आली आणि तिच्या तोंडाला कुलूप लागलं. सुरुवातीला तिनं एका कोर्सला नाव घातलं होतं. मग उर्जा पोटात आली, कोर्स सुटला. पुढे ती पुन्हा विषय काढायची तेव्हा श्रीनाथ म्हणायचा, "अगं, थंडीत कशाला बसचे हेलपाटे घालतेस? घरी आरामात रहा. मी आहे ना!"

उर्जा आता नऊ वर्षांची. आई मराठीत बोलायची आणि लेक जर्मनमध्ये उत्तर द्यायची. श्रीनाथचा फोन लागला नाही तर आईची भाषा म्हणजे उर्जा. शाळेतल्या बाई आईला काही सांगायच्या, तेही उर्जाच सांगायची, आणि स्वतःबद्दलची तक्रार असली की ती अर्धी गाळून सांगायची. आई लेकीवर हसायची. पण लेक मैत्रिणींशी तासन्‌तास काय बोलते, कशावरून रुसते, हे तिला कळायचं नाही. स्वयंपाकघराच्या दारात उभी राहून ती नुसती त्यांचे चेहरे बघायची.

त्या वसंतात मंडळाची वार्षिक सभा भरली. श्रीनाथ अध्यक्ष. गणपतीला म्युनिकहून ढोल-ताशा पथक आणायचं, यावर सगळ्यांचं एकमत होत आलं होतं, तेवढ्यात कुसुमताई उभ्या राहिल्या. कुसुमताई म्हणजे आमच्या भागातलं सगळ्यात जुनं मराठी माणूस. पन्नास वर्षांपूर्वी नवऱ्याच्या मागे इथे आल्या, आणि परक्या देशातून आलेल्या मोठ्या माणसांना जर्मन शिकवण्यात त्यांनी आयुष्य घालवलं. नवरा गेला, निवृत्ती आली, तरी गावातल्या एका संस्थेत शनिवारी सकाळी बायकांचा वर्ग त्या चालवतच होत्या.

"माझं एक मागणं आहे," त्या म्हणाल्या. "वर्गाला खोली आहे, शिकवायला मी आहे. पण आई शिकत असताना पोरांना सांभाळायला जी बाई होती, तिच्या पगाराचं सरकारी अनुदान यंदा बंद झालंय. पोरं सांभाळायला कोणी नाही म्हटल्यावर बायका येईनाशा झाल्या. आणि पुरेशा बायका नसतील तर शरद ऋतूत संस्था वर्गच बंद करणार. मंडळानं त्या बाईच्या पगाराला हातभार लावावा. आपल्याही बायकांना त्याचा उपयोग होईल."

श्रीनाथ हसला. त्याचं हसणं वाईट नव्हतं. जे आपल्याला लागूच नाही त्यावर माणूस जसं हसतो, तसं ते होतं. "ताई, तुमचं काम मोठं आहे, पण आल्झो, म्हणजे स्पष्टच बोलू का? ते वर्ग निर्वासितांसाठी असतात. आपले लोक तसे नाहीत. आपण इथे कंपनीच्या बोलावण्यावरून आलोय. इंग्लिशवर सगळं भागतं. आपल्या बायकांना काही अडत नाही."

"बेकरीत बोटानं पाव दाखवणारी बाई कुठल्या देशाची, हे पावाला कळतं का रे?" कुसुमताईंनी विचारलं. "अडत नाही म्हणतोस. ते त्यांना विचारलंस का कधी?"

आणि शेवटच्या रांगेतून नीलिमाचा हात अर्धा वर आला. तिला पाचवा महिना होता. उर्जानंतर कितीतरी वर्षांनी, देवाला साकडी घालून झाल्यावर राहिलेलं पोट ते. ती काहीतरी बोलणार होती. श्रीनाथनं ते पाहिलं आणि मोठ्यानं म्हणाला, "अगं, तू कशाला आता हे डोहाळे काढतेस? मी आहे ना!"

सगळे हसले. नीलिमाही हसली, आणि तिचा हात खाली गेला. ढोल-ताशाचा ठराव पास झाला.

घरी जाताना श्रीनाथच्या मनात मात्र कुसुमताईंचे शब्द टोचत राहिले. चारचौघांत आपल्याला बोलल्या, याचा राग होता तो. "त्या बाईंच्या फार नादी लागू नकोस," तो गाडी चालवता चालवता म्हणाला. "घराघरांत भांडणं लावतील." नीलिमानं "बरं" म्हटलं आणि खिडकीबाहेर बघत राहिली.

दिवस जात होते. मंडळातल्या बायकांनी हौसेनं डोहाळजेवण केलं, हिरवी साडी, फुलांचे दागिने, सगळं. आठवा महिना लागला. प्रत्येक तपासणीला श्रीनाथ सुट्टी काढून जायचा; ज्या वेळी जमायचं नाही त्या वेळी तो स्पीकरवर असायचा. डॉक्टरीणबाई जे सांगायच्या त्यातलं महत्त्वाचं तेवढं तो नीलिमाला सांगायचा. "सगळं छान आहे म्हणतायत," एवढंच बहुतेक वेळा. एकदा डॉक्टरीणबाई बराच वेळ बोलत होत्या, बोटं मोजून दाखवत होत्या. नीलिमानं विचारलं, "काय म्हणाल्या?" श्रीनाथ म्हणाला, "काही नाही गं, नेहमीचंच. बाळाच्या हालचालीकडे लक्ष ठेवा वगैरे." ते "वगैरे" काय होतं, हे तिला कोणी सांगितलं नाही.

जूनमधली ती सकाळ. उर्जा शाळेच्या सहलीला गेली होती, वर्गाबरोबर जंगलातल्या एका वसतिगृहात, चांगली आठवडाभर. श्रीनाथची नव्या गाडीची मोठी चाचणी होती. नवं मॉडेल गुप्त असतं, म्हणून चाचणीच्या दालनात जाताना फोन बाहेरच्या कपाटात कुलूपबंद करून जावं लागतं. तो निघाला तेव्हा नीलिमा पोटावर हात ठेवून खुर्चीत बसली होती.

तो गेल्यावर तिच्या लक्षात आलं की बाळ नेहमीसारखं हलत नाहीये.

तिनं थंड पाणी प्यायलं. गोड खाल्लं. डाव्या कुशीवर झोपून पाहिलं. औषधाच्या दुकानात उभी राहिलेली बाई ती, तिला हे सगळं ठाऊक होतं. आणि यानंतर काय करायचं तेही ठाऊक होतं. तिनं डॉक्टरीणबाईंच्या दवाखान्यात फोन लावला. पलीकडून टेप लागली. एक बाई गोड, भरभर आवाजात काहीतरी सांगत होती. नीलिमाला त्यातलं शेवटचं "धन्यवाद" तेवढं कळलं. तिनं पुन्हा फोन लावला. पुन्हा तीच टेप. लिहिलेलं असतं तर फोनमधल्या ॲपनं भाषांतर करून दिलं असतं. कानावरून वाहत जाणारं बोलणं ती कुठे पकडणार? डॉक्टरीणबाई रजेवर आहेत, तातडीचं काही असेल तर थेट मोठ्या इस्पितळात जा, प्रसूती विभाग कायम उघडा असतो, असं ती बाई सांगत होती. अगदी साधी, कामाची माहिती! नीलिमा ती पुन्हा पुन्हा ऐकत राहिली.

मग तिनं श्रीनाथला फोन लावला. वाजत राहिला. परत लावला. परत वाजत राहिला.

स्वतःच उठून इस्पितळात जावं, असं तिच्या मनात आलं नाही असं नाही. बस दारातूनच जात होती. पण मागे एकदा रक्त तपासायला ती एकटी गेली होती, तेव्हा इंग्लिश न येणाऱ्या खिडकीमागच्या बाईंनी काहीतरी विचारलं, मग तेच मोठ्यानं विचारलं, मागे रांग खोळंबली, आणि नीलिमा कानकोंडी होऊन फोन पुढे करत राहिली. ते आठवून ती पुन्हा खुर्चीत बसली. आणि समजा आपलाच भ्रम असला तर? बाळ झोपलं असेल तर? तिनं कुसुमताईंचा नंबर काढला. बोट त्यावर ठेवलं. मग "ह्यांना आवडायचं नाही" असं मनाशी म्हणून तिनं फोन खाली ठेवला.

दुपारी श्रीनाथ जेवायला बाहेर आला. कपाट उघडून त्यानं फोन बघितला. नीलिमाचे फोन येऊन गेलेले दिसले. रोजच यायचे. पार्सलवाला आला की फोन, खालच्या मजल्यावरच्या फ्राउ केसलर कचऱ्याच्या डब्यांवरून काही बोलल्या की फोन, दूध कुठलं घ्यायचं म्हणून फोन. लहानातली लहान गोष्ट आणि मोठ्यातली मोठी गोष्ट त्याच एका घंटीनं वाजायची. त्याला फरक कळणार कसा? "पार्सलच असेल," तो म्हणाला, आणि उभ्या उभ्या सँडविच खाऊन पुन्हा आत गेला. त्यानंतर थोड्याच वेळात त्या बंद कपाटात नीलिमाचा संदेश आला. "बाळ नीट हलत नाहीये. फोन करा."

संध्याकाळी चाचणी संपल्यावर श्रीनाथनं तो संदेश वाचला आणि घरी धावत जाऊन नीलिमाला गाडीत घालून इस्पितळात आणलं. लाल सिग्नल मोडत आणलं. तपासणीच्या खोलीत एक तरुण डॉक्टरीण मशीनचा दांडा नीलिमाच्या पोटावरून फिरवत होती. इकडे फिरवला, तिकडे फिरवला, थांबली. दुसऱ्या डॉक्टरना बोलावलं. त्यांनीही पाहिलं. मग ती तरुण बाई खुर्ची ओढून नीलिमाच्या जवळ बसली, तिचा हात हातात घेतला आणि तिच्या डोळ्यांत बघून हळू आवाजात काहीतरी बोलली.

नीलिमानं श्रीनाथकडे पाहिलं.

गेली कितीतरी वर्षं ती अशीच बघत आली होती. कोणी बोललं की ती त्याच्याकडे बघायची आणि तो सांगायचा. पावाचं सांगायचा, भाड्याचं सांगायचा, शाळेचं सांगायचा. आणि आता या खोलीत फक्त त्याला कळलं होतं की त्यांचं बाळ गेलं आहे, आणि बाळाच्या आईला अजून कळलेलं नव्हतं. अरे देवा! हे वाक्य त्यानं कोणत्या तोंडानं सांगायचं होतं?

"थांब," तो म्हणाला. "अजून तपासतायत."

"अहो, मला कळलंय," नीलिमा म्हणाली. तिचा आवाज अगदी शांत होता. "पण तुम्ही सांगा. मला शब्दांत सांगा."

त्यानं सांगितलं. कसं सांगितलं ते त्याला पुढे कधीच आठवलं नाही.

थोड्या वेळानं डॉक्टरांनी विचारलं, हालचाल कधीपासून कमी झाली होती. श्रीनाथनं नीलिमाला विचारलं. "सकाळपासून," ती म्हणाली. त्यानं ते जर्मनमध्ये सांगितलं. डॉक्टरांनी हलकेच पुढचा प्रश्न विचारला. मग सकाळीच का नाही आलात?

हा प्रश्न मात्र श्रीनाथनं नीलिमाला सांगितला नाही. त्याचं उत्तर त्यालाच द्यायचं होतं. "सकाळी आलो असतो तर?" त्यानं डॉक्टरांना विचारलं. डॉक्टर म्हणाले, सांगता येत नाही. नाळेचा प्रश्न होता. कदाचित वाचलं असतं, कदाचित नसतं. "सांगता येत नाही" हे दोन पैशांचं उत्तर त्याला आता जन्मभर पुरायचं होतं.

मुलगा होता. इथल्या स्मशानभूमीत अशा बाळांसाठी एक वेगळा कोपरा आहे, बर्चच्या झाडांखाली. तिथे त्याला ठेवलं. फ्राउ केसलर आल्या होत्या, इस्पितळातली नर्स आली होती, श्रीनाथच्या ऑफिसातले लोक आले होते. प्रत्येकजण नीलिमाजवळ थांबून काहीतरी बोलला, आणि प्रत्येकाचं बोलणं श्रीनाथ मागून तिच्या कानात सांगत गेला. "त्या म्हणतायत, फार वाईट वाटलं." "ते म्हणतायत, काही लागलं तर सांगा." तिनं प्रत्येकाला मान हलवली.

त्यानंतर नीलिमा मराठीतही बोलेनाशी झाली. लागेल तेवढंच बोलायची. उर्जा सहलीहून परतली, तिनं आईच्या गळ्यात पडून रडत रडत पुष्कळ काही सांगितलं, सगळं जर्मनमध्ये, आणि आई तिला थोपटत राहिली. श्रीनाथ दारात उभा होता. लेक आईला काय सांगतेय हे त्याला कळत होतं आणि आईला कळत नव्हतं, हे त्यानं त्या दिवशी पहिल्यांदा पाहिलं. इतकी वर्षं ते त्याच्या डोळ्यांसमोर घडत होतं!

कुसुमताई मऊ भात आणि मेतकूट घेऊन आल्या. नीलिमाच्या शेजारी बसल्या, तिला चार घास भरवले, आणि ती झोपल्यावर स्वयंपाकघरात श्रीनाथसमोर येऊन बसल्या.

"ताई, बोला मला," श्रीनाथ म्हणाला. "जे बोलायचं ते बोला. तिनं त्या दिवशी तुमचा नंबर काढला होता. मला आवडणार नाही म्हणून लावला नाही. काल सहज सांगितलं तिनं. रागानं पण नाही हो सांगितलं, सहज!" आणि तो मोठा, कर्तबगार माणूस टेबलावर डोकं टेकून हमसून हमसून रडला.

कुसुमताईंनी त्याला रडू दिलं.

"तुला बोलून काय करू?" मग त्या म्हणाल्या. "तू काही तिचा छळ केला नाहीस. प्रेमच केलंस. पण श्रीनाथ, घराला किल्ली एकच होती आणि ती तू खिशात घालून फिरत होतास. तिला बाहेर जायचं झालं तर तू, आत यायचं झालं तर तू. जोवर तू दारात होतास तोवर सगळं सुखाचं वाटलं. ज्या दिवशी तू नव्हतास, त्या दिवशी ती आत अडकली."

"मला वाटायचं, तिला त्रास नको."

"शिकण्याचा त्रास तू वाचवलास, आणि न शिकण्याचा तिच्या पदरात घातलास. आणि तू एकटाच नाहीस. माझ्या वर्गात अफगाणी बायका आहेत, त्यांचे नवरेही हेच म्हणतात. तू त्या दिवशी सभेत म्हणालास, आपण तसे नाही. अरे, त्या टेपसमोर बसलेली नीलिमा आणि माझ्या वर्गातली काबूलची बाई, यांच्यात काय फरक होता, सांग बघू? सरकारनं पोरं सांभाळायचं अनुदान बंद केलं, ते वाईटच केलं. मी त्यांच्याशी भांडतेय, भांडत राहीन. पण आपण काय केलं रे? आपण ढोल आणायला निघालो!"

श्रीनाथ डोळे पुसून उठला. "मी उद्याच तुमच्या संस्थेत फोन करतो. तिचं नाव घालतो."

"तुम्ही नका करू."

दोघांनी वळून पाहिलं. नीलिमा दाराशी उभी होती, केस विसकटलेले, शाल लपेटलेली. "तुम्ही फोन करू नका," ती पुन्हा म्हणाली. "माझं नाव मी घालीन. चुकत माकत घालीन. आणि यापुढे मला नुसतं 'छान आहे म्हणतायत' असं सांगू नका. कोण काय म्हणालं, ते मला ऐकायचंय. माझ्या कानांनी ऐकायचंय." एवढं सलग ती कित्येक दिवसांत बोलली नव्हती.

मंडळाची तातडीची सभा त्यानंच बोलावली. बोलायला उभा राहिला आणि काय बोलायचं ते विसरला. मग म्हणाला, "माझ्या घरी काय झालं ते तुम्हाला माहीत आहे. का झालं, ते मी सांगतो." आणि त्यानं सांगितलं, टेपचं, कपाटातल्या फोनचं, न लावलेल्या नंबरचं. काही झाकलं नाही. पुरुष जमिनीकडे बघत होते. बायका मात्र एकमेकींकडे बघत होत्या, कारण प्रत्येकीच्या घरात अशी एखादी सकाळ होऊ शकली असती आणि ते त्या आधीपासून जाणून होत्या.

"ढोल रद्द करू आणि ते पैसे कुसुमताईंच्या वर्गाला देऊ," तो म्हणाला. "पण नुसते पैसे देऊन मोकळं व्हायचं नाही. सांभाळायला बाई मिळेपर्यंत शनिवारी सकाळी पोरं आपण सांभाळायची. आपण म्हणजे बाप्यांनी. नुसती आपली नाहीत, वर्गातल्या सगळ्यांची."

"शनिवारी सकाळी आपलं क्रिकेट असतं रे," चंद्रशेखर सवयीनं बोलून गेला, आणि बोलल्या बोलल्या त्याचा चेहरा पडला. "माझं नाव लिही," तो हळूच म्हणाला. "पहिल्या शनिवारी मी येतो."

संस्थेची खोली जुन्या शाळेच्या तळमजल्यावर होती. सप्टेंबरातल्या त्या पहिल्या शनिवारी वर्ग भरला. मंडळातल्या बायका होत्या, अफगाणी होत्या, सीरियन होत्या, युक्रेनची एक उंच, पांढऱ्या केसांची बाई होती. शेजारच्या खोलीत सतरंजीवर पोरांचा धुडगूस. चंद्रशेखर घोडा झाला होता आणि श्रीनाथच्या मांडीवर एक अफगाणी पोरगं त्याच्या चष्म्याशी खेळत होतं. दोन खोल्यांमधलं दार किलकिलं होतं.

कुसुमताईंनी एकेकीला सोपे प्रश्न विचारायला सुरुवात केली. नाव काय, गाव कुठलं, मुलंबाळं किती. श्रीनाथचे कान दाराशी लागले होते. नीलिमाची पाळी आली. नाव सांगितलं, गाव सांगितलं. मग तो प्रश्न आला.

"तुम्हाला मुलं आहेत का?" कुसुमताईंनी जर्मनमध्ये विचारलं.

मग नीलिमाचा आवाज आला, अडखळत, एकेक शब्द शोधत. "मला दोन मुलं आहेत. एक मुलगी, उर्जा. एक मुलगा, तनय."

तनय! हे नाव श्रीनाथ पहिल्यांदा ऐकत होता. तिनं मनाशी ठरवलेलं होतं आणि कोणालाच सांगितलं नव्हतं. त्याच्या मुलाचं नाव त्याला एका बंद न झालेल्या दारातून, परक्या भाषेतल्या वाक्यात कळलं.

पलीकडे नीलिमा थांबली होती. पुढचा शब्द तिला येत नव्हता. श्रीनाथ सवयीनं अर्धा उठला. तो शब्द त्याला माहीत होता, नुसतं दार ढकलून सांगायचं होतं. त्यानं दाताखाली ओठ धरला आणि तो पुन्हा सतरंजीवर बसला. पलीकडे नीलिमानं स्वतःच विचारलं, याला जर्मनमध्ये काय म्हणतात? कुसुमताईंनी शब्द सांगितला. नीलिमानं तो एकदा मनाशी म्हटला आणि मग सगळ्यांना ऐकू जाईल असं वाक्य केलं. "तो वारला."

खुर्ची सरकल्याचा आवाज आला. ती युक्रेनची बाई उठून नीलिमाजवळ आली होती. तिलाही भाषा फारशी येत नव्हती, तुटक तुटक, सावकाश ती एवढंच म्हणाली, "मला फार वाईट वाटलं."

आणि नीलिमाला ते कळलं. कोणी मागून कानात सांगितलं नाही. तिच्या बाळासाठी या देशात कितीजण हळहळले होते, पण ती हळहळ तिला दर वेळी दुसऱ्याच्या तोंडून मिळाली होती. ही पहिली, जी थेट तिच्यापर्यंत पोचली. ती त्या बाईच्या खांद्यावर डोकं ठेवून रडली, बाळ गेल्यापासून पहिल्यांदा मोकळेपणी रडली. दाराच्या अलीकडे श्रीनाथही रडत होता आणि ते अफगाणी पोरगं त्याचे गाल पुसत होतं.

मंडळी, परदेशात राहणाऱ्या आपणा सगळ्यांना हे सांगायचं आहे. ज्या देशात माणूस राहतं, तिथली भाषा त्याला स्वतःला यायला हवी. बायकोला, आईला, वडिलांनाही. मोठ्या माणसांना भाषा शिकवणारा वर्ग म्हणजे कोणावर केलेले उपकार नव्हेत, आणि त्याचा खर्च कापणं म्हणजे बचत नव्हे, मग तो खर्च सरकारनं कापलेला असो, मंडळानं असो की प्रेमळ नवऱ्यानं. ज्याच्यावर आपली माया आहे त्याच्यासाठी जन्मभर बोलत राहू नका. त्याला बोलता येईल असं करा, आणि त्यासाठी आपली एक सकाळ गेली तर जाऊ द्या.

नीलिमा आता त्या बर्चच्या झाडांकडे एकटी जाते, बसनं. तिथल्या माळ्याला तिनं स्वतः विचारून घेतलंय, सावलीत कुठलं फूल जगेल म्हणून.